न्यूमोनिया, बालकांतील : श्वसनमार्गीय जागतिक साथीतील निदान व चिकित्सा

फुप्फुसांतील वायुकोशांना (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना) व त्यांच्या लगतच्या ऊतकाला (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहाला) सूक्ष्मजंतू, व्हायरस (विषाणू) किंवा क्वचित कवक यांच्या संसर्गामुळे येणाऱ्या दाहयुक्त सुजेस न्यूमोनिया किंवा फुप्फुसशोथ म्हणतात. वायुकोश हवेऐवजी स्राव, पू व कोशिका यांनी भरल्यामुळे रक्तास पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, फुप्फुसे ताठर बनतात व श्वासोच्छ्‌वास जलद होतो. एक महिना ते पाच वर्षे या वयातील बालकांच्या संसर्गजन्य मृत्युकारणांत न्यूमोनियाचा क्रमांक पहिला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालील सु. ७ लक्ष ४० हजार बालके या रोगाने दगावली. या वयातील एकूण मृत्यूंच्या ते १४ टक्के होते. ही संख्या कोविड-१९ ची जागतिक साथ सुरू होण्यापूर्वीच्या वर्षातील आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

श्वसनमार्गाच्या एखाद्या व्हायरसाची जागतिक साथ पसरली असता या नेहमीच्या रोगाचे निदान अवघड होते. खोकला व ताप असलेल्या प्रत्येक बालकाचा आजार साथीच्या व्हायरसामुळेच आहे, असे गृहीत धरण्याकडे पालकांचा व वैद्यांचाही कल होतो. वस्तुतः बालकाची धाप साथीच्या व्हायरसामुळे, नेहमीच्या सूक्ष्मजंतूंमुळे, अन्य व्हायरसामुळे किंवा या सर्वांच्या संयुक्त संसर्गामुळेही असू शकते. यांतील नेमके कारण रुग्णशय्येजवळ सहसा ठरविता येत नाही. म्हणून चिकित्सेची दिशा कारणापेक्षा रोगाच्या तीव्रतेवरून ठरविणे, हे अशा काळातील बालन्यूमोनियाच्या व्यवस्थापनाचे मुख्य तत्त्व आहे.

इतिहास : व्हायरस व सूक्ष्मजंतू यांच्या कार्यांविषयीचा गोंधळ जुना आहे. १८८९ मध्ये सुरू झालेल्या इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीत रिखार्ट फायफर या जर्मन शास्त्रज्ञांना रुग्णांच्या कफात एक सूक्ष्म दंडाकार जंतू आढळला आणि तोच इन्फ्ल्यूएंझाचे कारण आहे, असे त्यांनी १८९२ मध्ये प्रतिपादन केले. १९१८ च्या भीषण साथीतही हे मत पुष्कळ ठिकाणी ग्राह्य मानले जात होते. १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्रूझ व पॅट्रिक लेडलॉ या ब्रिटिश संशोधकांनी मानवी इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस अलग केल्यावर फायफर यांचे मत चुकीचे ठरले. त्यांच्या जंतूचे हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी हे नाव मात्र कायम राहिले. हा जंतू इन्फ्ल्यूएंझाचे कारण नसला, तरी त्याचा ‘ब’ प्रकार बालकांतील न्यूमोनियाचे व मस्तिष्कावरणशोथाचे (मेंदूवरील आवरणांच्या दाहाचे) एक महत्त्वाचे कारण आहे.

१९१८ ची साथ त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत पोहोचली आणि सप्टेंबरपासून आलेल्या दुसऱ्या लाटेने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या साथीत मरण पावलेल्या रुग्णांच्या जतन करून ठेवलेल्या फुप्फुस-ऊतकांची अमेरिकेत पुन्हा तपासणी करण्यात आली. त्यातून व जुन्या शवविच्छेदनांच्या नोंदींतून बहुसंख्य मृत्यू व्हायरसामागोमाग झालेल्या सूक्ष्मजंतुजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी प्रतिजैविक पदार्थ (अँटिबायॉटिक) उपलब्ध नव्हते. २००९ मध्ये एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीतही याची प्रचीती आली. अमेरिकेतील ७७ मृत रुग्णांच्या ऊतकांच्या तपासणीत २२ जणांत सूक्ष्मजंतूंचाही संसर्ग आढळला व त्यांपैकी १० जणांत तो न्यूमोकॉकस या जंतूचा होता.

कोविड-१९ च्या साथीत चित्र याहून वेगळे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या सर्व वयांच्या कोविड रुग्णांपैकी केवळ सु. ८ टक्क्यांना प्रतिजैविकांची गरज असणारा सूक्ष्मजंतुसंसर्ग होता. प्रतिजैविके मात्र सु. तीन-चतुर्थांश रुग्णांना दिली गेली. एका साथीत सूक्ष्मजंतूंकडे दुर्लक्ष करणे प्राणघातक ठरते, तर दुसरीत त्यांच्या भीतीने औषधांचा अतिरेक होतो. त्यामुळे एका साथीतील अनुभव दुसरीस जसाच्या तसा लावता येत नाही.

बालकांतील वैशिष्ट्ये : अर्भकाच्या श्वासनलिका अरुंद असल्यामुळे थोड्याशा सुजेनेही त्यांतील हवेचा मार्ग बराच कमी होतो. त्याच्या बरगड्या मऊ असतात. फुप्फुस ताठर झाल्यावर श्वासपटल (छाती व उदर यांमधील स्नायुमय पडदा) जोराने आकुंचन पावते आणि छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. लहान मूल कफ थुंकून टाकू शकत नाही व आपल्याला होणारा त्रास सांगूही शकत नाही. दूध ओढताना मध्येच थांबणे वा दूध सोडून देणे, हेच अनेकदा धाप लागल्याचे पहिले चिन्ह असते. कुपोषण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मजात हृद्‌रोग व घरातील चुलीचा धूर यांमुळे धोका वाढतो.

कारणे : न्यूमोकॉकस, हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी ‘ब’ व स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे प्रमुख सूक्ष्मजंतू होत. व्हायरसांमध्ये श्वसन-संलयी व्हायरस (आरएसव्ही), इन्फ्ल्यूएंझा, पॅराइन्फ्ल्यूएंझा, ॲडेनोव्हायरस व गोवर यांचे व्हायरस महत्त्वाचे आहेत. आफ्रिका व आशिया यांतील सात देशांत रुग्णालयीन बालकांवर केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र न्यूमोनियाच्या सु. ६१ टक्के प्रकरणांचे श्रेय व्हायरसांना व सु. २७ टक्के प्रकरणांचे सूक्ष्मजंतूंना देण्यात आले. एकट्या श्वसन-संलयी व्हायरसाचा वाटा सु. ३१ टक्के होता. पाच वर्षांपुढील मुलांत मायकोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होणारा न्यूमोनिया अधिक आढळतो.

इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस श्वासनलिकांचे अस्तर व त्यावरील केसांसारख्या पक्ष्माभिका नष्ट करतो. त्यामुळे एरवी नाका-घशात निरुपद्रवीपणे राहणारे न्यूमोकॉकस फुप्फुसात खोलवर उतरू शकतात. ताप उतरून मूल बरे होत असता चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पुन्हा ताप चढणे व धाप लागणे, हे अशा दुय्यम संसर्गाचे लक्षण समजतात. सार्स-कोव्ह-२ हा कोविड-१९ चा व्हायरस बहुसंख्य बालकांत सौम्य आजार उत्पन्न करतो. तीव्र न्यूमोनिया मुख्यत्वे अगदी लहान अर्भकांत व पूर्वीच कोणता तरी दीर्घकालीन विकार असलेल्या मुलांत आढळतो.

जागतिक साथीमुळे इतर रोगजंतूंचे ऋतुमानही बिघडते. २०२० मध्ये शाळा व प्रवास बंद असल्याने अनेक देशांत श्वसन-संलयी व्हायरस जवळजवळ दिसेनासा झाला आणि २०२१ मध्ये नेहमीचा हंगाम सोडून त्याचा जोरदार प्रादुर्भाव झाला. २०२३ च्या अखेरीस उत्तर चीनमध्ये मुलांतील मायकोप्लाझ्मा व इतर श्वसनसंसर्ग वाढले, तेव्हाही नवा व्हायरस आल्याची शंका प्रथम व्यक्त झाली होती. तपासाअंती सर्व रोगकारक परिचित असल्याचे दिसून आले.

निदान : बालन्यूमोनियाच्या निदानातील सर्वांत उपयुक्त परीक्षा म्हणजे श्वास मोजणे. १९८० नंतरच्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शॅन व त्यांचे सहकारी यांनी, तसेच वेल्लोर येथील संशोधकांनी असे दाखविले की, स्टेथॉस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजांपेक्षा श्वसनाची गती व छाती आत ओढली जाणे ही साधी चिन्हे अधिक भरवशाची आहेत. मूल शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, छाती किंवा पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० वा अधिक श्वास असल्यास श्वसन जलद समजतात. दोन महिन्यांखालील अर्भकात श्वास मधूनमधून अनियमित होत असल्याने एकदा जास्त आलेली संख्या पुन्हा मोजून पक्की करतात. पाच वर्षांवरील मुलांसाठी भारतातील २०२१ च्या कोविडविषयक सूचनांत ३० ही मर्यादा दिली होती.

या पद्धतीचे मोल महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोगाने सिद्ध झाले. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये तेथील खेड्यांत आरोग्यसेवक व दाई यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्सॅझोल हे औषध देण्यास शिकविले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार झालेल्या ६१२ रुग्णबालकांत मृत्युप्रमाण ०·८ टक्के होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या भागात ते १३·५ टक्के होते. ज्या दाईंना मोठ्या संख्या मोजता येत नव्हत्या, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी असलेले श्वासमापक तयार करण्यात आले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा व वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आल्यास श्वसन जलद समजावयाचे, अशी त्याची योजना होती. ज्या काळी रुग्णालये भरलेली असतात आणि वैद्यास दूरध्वनीवरूनच सल्ला द्यावा लागतो, त्या काळी आईला एक मिनिट श्वास मोजता येणे ही गोष्ट अनेक प्रयोगशालीय परीक्षांहून अधिक उपयोगी ठरते.

पुढील धोक्याची चिन्हे आढळल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते : दूध वा पाणी पिता न येणे, प्यालेले सर्व उलटून पडणे, आकडी येणे, ग्लानी वा बेशुद्धी, शांत असतानाही श्वास घेताना घशातून घर्घर आवाज येणे, कण्हणे, ओठ वा जीभ निळसर होणे आणि तीव्र कुपोषण. दोन महिन्यांखालील अर्भकात जलद श्वास, ताप किंवा अंग थंड पडणे यांपैकी कोणतेही एक चिन्ह गंभीर मानतात.

रक्तातील ऑक्सिजन संपृक्तता (हीमोग्लोबिनाचे ऑक्सिजनयुक्त असण्याचे शेकडा प्रमाण) नाडी-ऑक्सिमापकाने मोजतात. या उपकरणाचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. कोविडच्या साथीत ते घरोघरी पोहोचले. तथापि प्रौढांसाठी बनविलेली चिमटी अर्भकाच्या बोटावर नीट बसत नाही. त्यासाठी पायाला किंवा पंजाला लावावयाचा लहान संवेदक वापरावा लागतो. हात थंड असल्यास, मूल हालचाल करीत असल्यास किंवा त्वचा गडद असल्यास वाचन चुकू शकते. ९० टक्क्यांखालील संपृक्तता तीव्र रोगाची निदर्शक असते. कोविडच्या साथीत ९० ते ९४ टक्के संपृक्तता असलेल्या बालकांनाही निरीक्षणाखाली ठेवण्याची पद्धत होती.

क्ष-किरण चित्रात फुप्फुसाचा एखादा खंड घट्ट झालेला किंवा फुप्फुसाबाहेर पू साठलेला दिसल्यास सूक्ष्मजंतुजन्य रोगाची शक्यता वाढते. परंतु केवळ चित्रावरून व्हायरस व सूक्ष्मजंतू यांत निश्चित भेद करता येत नाही. सौम्य आजारात क्ष-किरण चित्राची गरज नसते. छातीच्या संगणकीय छेदचित्रणात (सीटी स्कॅन) बालकास मोठ्या प्रमाणात प्रारण मिळते व चिकित्सेत सहसा बदल होत नाही. म्हणून २०२१ मध्ये भारत सरकारच्या सूचनांत त्याचा वापर निवडक रुग्णांपुरता मर्यादित ठेवण्यास सांगितले होते.

साथीच्या व्हायरसाची परीक्षा होकारात्मक आली, तरी तेवढ्यावरून सूक्ष्मजंतुजन्य न्यूमोनिया नाही, असे ठरत नाही. निरोगी मुलांच्या नाकातही व्हायरस आढळतात. याउलट परीक्षा नकारात्मक आली म्हणून जलद श्वास असलेले मूल सुरक्षित आहे, असेही म्हणता येत नाही. परीक्षेचा मुख्य उपयोग रुग्णास अलग ठेवण्यासाठी व विशिष्ट व्हायरसविरोधी औषध ठरविण्यासाठी होतो. तिच्या निष्कर्षाची वाट पाहत ऑक्सिजन किंवा प्रतिजैविक लांबणीवर टाकणे धोक्याचे असते.

जलद श्वासाची इतर कारणेही ध्यानात ठेवावी लागतात. दम्याच्या किंवा सूक्ष्म श्वासनलिकाशोथाच्या रुग्णात श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. अशा वेळी श्वासनलिका रुंदावणारे औषध हुंगवून श्वास पुन्हा मोजतात. शेंगदाण्यासारखा पदार्थ श्वासनलिकेत अडकल्यास ठसका लागून एकाएकी धाप लागते. तीव्र रक्तक्षय, हृद्‌रोग, हिवताप व मधुमेहातील रक्ताम्लता यांतही श्वास वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात क्षयरोगाचा शोध घेणे आवश्यक असते.

चिकित्सा : जलद श्वास किंवा छाती आत ओढली जाणे यांपैकी काही असूनही धोक्याचे चिन्ह नसलेल्या, दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकावर घरी ठेवून उपचार करता येतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये सुधारित वर्गीकरणात मान्य केले. त्यासाठी ॲमॉक्सिसिलीन हे प्रतिजैविक वैद्यांच्या सल्ल्याने दर किग्रॅ. वजनास सु. ४० मिग्रॅ. या मात्रेत दिवसातून दोन वेळा, सामान्यतः पाच दिवस पोटात देतात. ऑक्सिजन संपृक्तता कमी असल्यास मात्र रुग्णालयात ठेवणे आवश्यक असते. दोन ते तीन दिवसांनी बालकाची पुन्हा तपासणी करणे हा उपचाराचाच भाग आहे. खोकला असूनही श्वास जलद नसलेल्या बालकास प्रतिजैविकाची गरज नसते. भरपूर स्तन्यपान वा पेये, नाक मोकळे ठेवणे आणि तापासाठी पॅरासिटॅमॉल एवढे पुरते. इन्फ्ल्यूएंझाच्या काळात मुलांना ॲस्पिरीन देत नाहीत, कारण त्यामुळे यकृत व मेंदू यांना बाधा करणारा राय लक्षणसमूह उद्‌भवू शकतो. छातीस वा पोटास डाग देण्यासारखे उपाय निरुपयोगी असून त्यांमुळे मोलाचा वेळ वाया जातो.

तीव्र न्यूमोनियात ऑक्सिजन हे पहिले औषध होय. नाकपुड्यांत बसविलेल्या नळीतून लहान अर्भकास मिनिटाला सु. ०·५ ते १ लिटर व मोठ्या बालकास १ ते २ लिटर ऑक्सिजन देऊन संपृक्ततेनुसार प्रमाण कमी-जास्त करतात. तेवढ्याने न भागल्यास श्वासमार्गात सतत धन दाब ठेवणारी बुडबुडा पद्धती (बबल सीपॅप) व अखेरीस कृत्रिम श्वसनयंत्र वापरतात. यांबरोबर अँपिसिलीन व जेंटामायसीन ही प्रतिजैविके अंतःक्षेपणाने (इंजेक्शनने) देतात. सुधारणा न झाल्यास सेफ्ट्रिॲक्सोन देतात. इन्फ्ल्यूएंझा किंवा गोवर यांमागोमाग एकाएकी प्रकृती खालावल्यास स्टॅफिलोकॉकसावर परिणामकारक औषधाची जोड देतात. फुप्फुसावरणात पू साठल्यास तो नळी घालून काढावा लागतो. शिरेतून द्रव जपून देतात, कारण सुजलेल्या फुप्फुसांत जादा द्रव साचून धाप वाढते.

व्हायरसविरोधी औषध कोणते, हे साथ कशाची आहे यावर अवलंबून असते. इन्फ्ल्यूएंझाच्या तीव्र रुग्णात ऑसेल्टामिव्हिर शक्यतो पहिल्या ४८ तासांत, परीक्षेची वाट न पाहता सुरू करतात. कोविड-१९ मध्ये भारतातील जून २०२१ च्या सूचनांनुसार रेमडेसिव्हिर मुलांना देऊ नये आणि डेक्सामेथासोनासारखी स्टेरॉइडे फक्त रुग्णालयातील मध्यम ते तीव्र रुग्णांपुरतीच वापरावीत, असे ठरविण्यात आले होते. घरी असलेल्या सौम्य रुग्णास स्टेरॉइड देणे अपायकारक ठरते.

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम लक्षात आलेला बहुतंत्रीय दाह लक्षणसमूह न्यूमोनियाहून वेगळा आहे. कोविड संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी सतत ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी व रक्तदाब कमी होणे ही त्याची लक्षणे असून हृदयास बाधा झाल्यामुळे धाप लागते. त्यावर प्रतिरक्षा-ग्लोब्युलीन व स्टेरॉइडे यांचा उपयोग होतो. अशा बालकास न्यूमोनियाचा रुग्ण समजून शिरेतून द्रव वा केवळ प्रतिजैविके देत राहिल्यास प्राण गमावण्याचा संभव असतो.

साथीच्या काळातील व्यवस्था : जागतिक साथीत बालके केवळ व्हायरसाने दगावत नाहीत. संसर्गाची भीती, वाहतूकबंदी व इतर रुग्णांसाठी राखून ठेवलेले कक्ष यांमुळे उपचारास होणारा उशीरही त्यांस कारणीभूत होतो. भारतात २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीत नियमित लसीकरणही विस्कळित झाले. म्हणून खोकला असलेल्या बालकांसाठी स्वतंत्र तपासणी-जागा, हवेशीर कक्ष व खाटांमधील अंतर यांची सोय करतात. मात्र आईस बालकापासून दूर करीत नाहीत. तिला संसर्ग झाला असल्यास मुखपट्टी लावून व हात धुऊन स्तन्यपान चालू ठेवणे हितावह असते. पाच वर्षांखालील मुलांस मुखपट्टी लावण्याची शिफारस केली जात नाही.

प्रतिबंध : पहिले सहा महिने निव्वळ स्तन्यपान, सकस आहार, धूरविरहित स्वयंपाकघर व लसीकरण ही प्रतिबंधाची मुख्य साधने होत. गोवर, डांग्या खोकला व हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी ‘ब’ यांवरील लशी भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट आहेत. न्यूमोकॉकसविरोधी संयुग्मी लस २०१७ मध्ये काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. ती सहा व चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत देतात. पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या अशाच लशीस २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. श्वसन-संलयी व्हायरसाविरुद्ध गर्भवतीस द्यावयाची लस व अर्भकास द्यावयाचे दीर्घकाल टिकणारे प्रतिपिंड (रोगजंतूस निष्प्रभ करणारे प्रथिन) २०२२-२३ पासून काही देशांत वापरात आले आहेत. नव्या व्हायरसावरील लस तयार होण्यास वेळ लागतो. परंतु त्याच्या मागोमाग येणाऱ्या नेहमीच्या सूक्ष्मजंतूंवरील लशी आधीच उपलब्ध असल्यामुळे नियमित लसीकरण अखंड चालू ठेवणे, हाही जागतिक साथीत बालकांचे रक्षण करण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे.